ओल्या गालिच्याचा हिशेब

गालिचे धुण्याच्या व्यवसायात उतरताना, मोटर जितकी मोठी तितके काम चोख, अशी जी माझी दृढ समजूत होती ती ऐन आषाढात, दादरच्या एका जुन्या इमारतीतील सभागृहात, एका रात्रीत मोडून पडली. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांवर तसा प्रसंग ओढवू नये म्हणून ती हकीकत येथे नमूद करीत आहे.

गालिच्यावर पाणी फवारून ते परत ओढून घेणाऱ्या माझ्या यंत्रावर 3000 वॅट असे ठळक अक्षरांत छापलेले होते आणि आत प्रत्येकी 1000 वॅटच्या तीन मोटरी होत्या. तीन मोटरी म्हणजे तिप्पट ओढ, असा हिशेब मनाशी मांडून, कसलीही खातरजमा न करता मी पुरी रक्कम चुकती केली. पत्रकात ओढ 220 मिलिबार दिली होती, म्हणजे सुमारे सव्वादोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरण्याइतकी; परंतु शेजारीशेजारी बसविलेल्या मोटरींनी वाढतो तो हवेचा प्रवाह, ओढीचा जोर एका मोटरीइतकाच राहतो, हे मला ठाऊक नव्हते. जोर वाढवायचा तर एकाच दांड्यावर एकामागे एक पंखे असलेली, दोन किंवा तीन टप्प्यांची मोटर लागते, कारण तीत पहिल्या पंख्याच्या कामात दुसरा आपली भर घालतो.

सभागृहातील गालिचा भदोहीकडचा, दाट लोकरी गाठींचा आणि सुती ताण्याचा होता. भिंतीतील सॉकेट जुन्या मापाचे, 5 अँपिअरचे; आणि 3000 वॅटच्या यंत्राला 230 व्होल्टवर लागतात 13 अँपिअर. तिन्ही मोटरी चालू करताच एमसीबी पडला, म्हणून दोन बंद ठेवून एकीवर काम रेटण्याची तजवीज मी केली, आणि खरा घात तेथेच झाला. बंद मोटरींच्या मुखाशी झडपा नसल्यामुळे, चालू मोटर गालिच्यातील पाणी खेचण्याऐवजी त्या दोन उघड्या वाटांनी बाहेरचीच हवा ओढीत राहिली. भरीस भर म्हणून सॉकेट दाराशी होते, तेव्हा 38 मिलिमीटरच्या नळीला जोड देऊन ती 15 मीटर केली होती. पहाटे टाकीतले पाणी मोजले, तेव्हा फवारलेल्या 40 लिटरांपैकी 22 लिटरच परत आले होते. बाकीचे 18 लिटर गालिच्याच्या पोटात राहिले होते. पावसाळी दमट हवेत ते सुकणार कसे? तिसऱ्या दिवशी कुबट वास सुटला, आणि सुती ताण्यातला तपकिरी अंश ओलाव्याबरोबर वर चढून लोकरीच्या किनारीवर डाग उमटले. नुकसानभरपाईची रक्कम मी हप्त्याहप्त्याने फेडली.

म्हणून मोटरींची तुलना करताना वॅटचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा. तो मोटर वीज किती खाते एवढेच सांगतो. पत्रकातील ओढीचा आकडा मुख पूर्ण बंद असतानाचा आणि प्रवाहाचा आकडा ते पूर्ण उघडे असतानाचा, आणि हे दोन्ही एका क्षणी कधीच मिळत नाहीत. या दोन टोकांचा गुणाकार केला तर त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकीच शक्ती, तीही मधल्या प्रवाहावर, हाती लागते. विक्रेत्याकडे त्या मधल्या अवस्थेचे आकडे मागावेत, आणि ते देण्यास तो तयार नसेल तर बयाणा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 5.7 इंची, 7.2 इंची अशी जी मापे बाजारात सांगतात ती पंख्याच्या कवचाच्या व्यासाची असतात. व्यासाबरोबर टप्पे किती, हेही विचारल्यावाचून तुलना पुरी होत नाही. मोटर थंड ठेवणारी हवा आणि ओली हवा यांच्या वाटा वेगळ्या आहेत ना, याचीही खात्री करून घ्यावी. नाहीतर फेस आत शिरून मोटर जळते.

नळीविषयी तर कळकळीने सांगावेसे वाटते. तोच प्रवाह 50 मिलिमीटरच्या नळीतून नेला तर घर्षणात वाया जाणारा दाब 38 मिलिमीटरच्या नळीच्या मानाने सुमारे चौथा हिस्साच उरतो, त्यामुळे लांब जोड अपरिहार्य असेल तेथे मोठ्या मोटरीवर पैसा घालण्याआधी रुंद नळी घ्यावी.

आता माझ्या यंत्रात तीन टप्प्यांच्या दोन मोटरी आहेत, प्रत्येकीची वायर निराळी आणि प्रत्येकीच्या मुखाशी झडप. कामाच्या जागी पोहोचल्यावर गालिच्याकडे वळण्याआधी मी वीजफलक उघडून पाहतो, 16 अँपिअरची दोन सॉकेटे दोन वेगळ्या एमसीबींवर आहेत की नाहीत हे तपासतो. आणि काम चालू असताना दर 20 लिटर फवाऱ्यामागे टाकीत किती पाणी परत आले, ते वहीत टिपून ठेवतो.