सापशिडीतलं गणित

प्रश्न : आम्ही वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहतो. नातू इंग्रजी माध्यमात दुसरीला आहे. गणित म्हटलं की रडतो, सापशिडीला मात्र तासन्‌तास बसतो. त्यातून काही शिकतो का, की नुसता वेळ जातो?

उत्तर : आजी, शिकतो, पण सोंगटी पुढे कशी नेता त्यावर ते अवलंबून आहे. तो चौतीसवर असेल आणि तीनचं दान पडलं, तर मुलं बहुधा ‘एक, दोन, तीन’ म्हणत सरकतात. त्याऐवजी ‘पस्तीस, छत्तीस, सदतीस’ म्हणायला लावा. एलिडा लास्की आणि रॉबर्ट सीगलर यांनी 2014 साली शंभर घरांच्या पटावर नेमकं हेच तपासलं. पुढचे आकडे म्हणत खेळलेल्या मुलांची संख्यांची समज जास्त सुधारली. खेळ तोच, बदलली फक्त मोजणी!

आणखी एक. मराठीत सदतीस, गुजरातीत साडत्रीस, शाळेत थर्टी सेव्हन. वडोदऱ्यातल्या मराठी घरांतलं मूल या तिन्हींत वावरतं. एक डाव मराठीत, एक गुजरातीत खेळा. त्याला ओझं होईल असं मला वाटत नाही.

घरात जुन्या कवड्या असतील तर फाशाऐवजी त्या सहा टाका आणि उताण्या मोजा. दहा मिनिटं दानांची नोंद ठेवली, की तीन वारंवार येतात आणि सहा क्वचित, हे त्याचं त्यालाच दिसेल. कारण तुम्ही सांगू नका, त्याला विचारा. आणि खेळताना वही-पेन्सिल नातवाच्या हातात द्या.