मल्हारराव गायकवाड : अपकीर्ती आणि अभियोग

बडोद्याच्या गायकवाड घराण्याचा इतिहास सांगताना आपण दमाजीरावांच्या पराक्रमाचे वर्णन करतो, तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या विद्याप्रेमाचे गुणगान करतो, आणि महाराजांच्या अगोदर गादीवर असलेल्या मल्हाररावांचे नाव मात्र घाईघाईने उरकून टाकतो. ते दुष्ट राजे होते, त्यांनी इंग्रज रेसिडेंटावर विषप्रयोग केला, म्हणून ते पदच्युत झाले, एवढ्या तीन वाक्यांत त्यांचे चरित्र संपते. या तीन वाक्यांपैकी पहिले बरेचसे खरे आहे आणि ते पदच्युत झाले हे तर पूर्णपणे खरे आहे. परंतु मधले वाक्य कधीच सिद्ध झाले नाही. विद्यार्थिमित्रांनो, वाईट म्हणून ज्याची ख्याती झाली त्याच्या माथी कोणताही अपराध मारला तरी तो लोकांना पटतो. म्हणूनच अशा मनुष्याचे चरित्र वाचताना साधूच्या चरित्रापेक्षाही अधिक सावध राहावे लागते.

मल्हारराव हे दुसऱ्या सयाजीरावांचे पुत्र. त्यांचे वडील बंधू खंडेराव इ. स. १८५६ मध्ये गादीवर आले. खंडेराव धिप्पाड, शौकीन व खर्चिक होते. कुस्त्यांचे व हत्तींच्या साठमारीचे त्यांना वेड होते. या दोघा भावांत सख्य नव्हते. खंडेरावांच्या जिवावर उठल्याच्या संशयावरून १८६३ मध्ये मल्हाररावांना पाद्र्यास बंदीत टाकण्यात आले, आणि तेथे त्यांनी सुमारे सात वर्षे काढली. ज्या वयात राजपुत्राने कारभार पाहावा, शिकावा, माणसे पारखावीत, ते वय या गृहस्थांनी पहारेकऱ्यांच्या सहवासात घालविले. पुढील वर्तनाचे हे समर्थन नव्हे. पण त्याचे बीज येथे आहे असे म्हणण्यास हरकत नाही.

नोव्हेंबर १८७० मध्ये खंडेराव निवर्तले. त्यांना पुत्र नव्हता. राणी जमनाबाई गरोदर होत्या. म्हणून मल्हाररावांस गादी मिळाली ती अटीवर. जमनाबाईंस पुत्र झाला असता तर ती सोडावी लागली असती. जुलै १८७१ मध्ये कन्या झाली आणि मल्हाररावांचे आसन स्थिर झाले. कालपर्यंत कोठडीत असलेला मनुष्य एकाएकी एका संपन्न राज्याचा निरंकुश धनी झाला. मग जे व्हावयाचे तेच झाले. खंडेरावांच्या विश्वासातील माणसांवर सूड उगविण्यात आला. त्यांचे दिवाण भाऊ शिंदे यांना कैदेत टाकले, आणि १८७२ मध्ये ते कैदेतच मरण पावले. त्यांना विष दिले असे लोक उघड बोलत. नेमणुकांसाठी नजराणे घेतले जात, सरदार व सावकार यांची मालमत्ता सुरक्षित राहिली नाही, शेतकऱ्यांवर साऱ्याचा बोजा असह्य झाला. प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांना बळाने राजवाड्यात चाकरीस नेल्याच्या तक्रारी होत्या, आणि त्या सर्वांत लाजिरवाण्या होत. खंडेरावांनी चांदीच्या तोफा करविल्या होत्या, तर या बंधूंनी सोन्याच्या ओतविल्या. ज्या राज्यातील रयत साऱ्याखाली पिचत होती त्या राज्यात तोफा सोन्याच्या असाव्यात, यावर अधिक भाष्य नको.

१८७३ मध्ये कर्नल रॉबर्ट फेअर हे रेसिडेंट म्हणून बडोद्यास आले. ते तडफदार होते, पण त्यांच्या ठायी संयम व चातुर्य यांचा अभाव होता. गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्या प्रत्येकास त्यांनी रेसिडेंसीचे दार उघडे ठेवले. त्यांच्या अहवालांवरून त्याच वर्षी कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी कमिशन नेमले गेले, व त्याने राज्यकारभारात घोर अव्यवस्था असल्याचा निर्णय दिला. हे मीड कोण, ते मराठी वाचकास सांगितले पाहिजे. १८५९ मध्ये मानसिंगाच्या फितुरीने तात्या टोप्यांना ज्यांनी पकडले, तेच हे मीड. तथापि त्यांच्या या अहवालातील बहुतेक गोष्टी नाकारता येण्याजोग्या नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. हिंदुस्थान सरकारने मल्हाररावांना १८७५ च्या ३१ डिसेंबरपर्यंत कारभार सुधारण्याची मुदत दिली. ही तारीख लक्षात ठेवावी.

मल्हाररावांनी दिवाणगिरीसाठी निवडलेले गृहस्थ म्हणजे दादाभाई नवरोजी. दादाभाईंनी आपल्याबरोबर काही सुशिक्षित व प्रामाणिक सहकारी आणले आणि सुधारणेस हात घातला. परंतु फेअरसाहेबांना हे दिवाणच मान्य नव्हते. एकीकडून जुन्या दरबारी मंडळींची अडवणूक, दुसरीकडून रेसिडेंटाची, अशा कात्रीत दादाभाई सापडले. मल्हाररावांनी १८७४ मध्ये लक्ष्मीबाईंशी केलेला विवाह व ऑक्टोबरात त्यांना झालेला पुत्र यांवरूनही कलह विकोपास गेला. अखेर २ नोव्हेंबर १८७४ रोजी मल्हाररावांनी गव्हर्नर-जनरल लॉर्ड नॉर्थब्रुक यांना खलिता लिहून, या रेसिडेंटास येथून हलवावे, अशी मागणी केली.

त्यानंतर आठवड्याच्या आत, ९ नोव्हेंबरच्या सकाळी, ती प्रसिद्ध घटना घडली. फेअर फिरून आले. पपनसाच्या रसाचे सरबत नेहमीप्रमाणे मेजावर ठेवलेले होते. त्यांनी एकदोन घोट घेतले, चव बरी वाटली नाही म्हणून उरलेले बाहेर ओतून टाकले. काही वेळाने मळमळू लागले. पाहतात तो पेल्याच्या तळाशी काळसर गाळ. रेसिडेंसीच्या डॉक्टरांनी तो तपासला, मुंबईसही पाठविला, आणि त्यात सोमल व हिऱ्याची पूड असल्याचे निष्पन्न झाले. हिऱ्याच्या पुडीने आतडी चिरली जातात ही त्या काळची सार्वत्रिक समजूत होती. मारक पदार्थ खरा सोमलच.

फेअर यांची त्याच महिन्यात बदली ठरली व त्यांच्या जागी सर लुई पेली आले. म्हणजे मल्हाररावांची मागणी पुरी झाली. पण तिच्याबरोबर मुंबईचे पोलीसही आले. पोलीस कमिशनर फ्रँक सूटर यांच्या तपासात रेसिडेंसीतील हवालदार रावजी याने, माफीचे वचन मिळाल्यावर, सरबतात विष टाकल्याचे कबूल केले. जमादार नरसू याने त्यास दुजोरा दिला, आणि पुढे रेसिडेंसीच्या बागेतील विहिरीत उडी घेतली. त्याला जिवंत बाहेर काढण्यात आले. महाराजांचे खाजगी चिटणीस दामोदरपंत यांनी पहाऱ्यात काही दिवस काढल्यावर तोंड उघडले, आणि महाराजांच्या आज्ञेने आपण सोमल व हिरे मिळविले असे सांगितले. जानेवारी १८७५ मध्ये मल्हाररावांना अटक झाली. त्याच सुमारास दादाभाईही बडोदे सोडून गेले.

२३ फेब्रुवारी १८७५ रोजी बडोद्याच्या छावणीत अभियोग सुरू झाला. एका सत्ताधीश राजाची अशी उघड चौकशी ही अपूर्व गोष्ट होती. सहा सभासदांचे कमिशन. अध्यक्ष बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच. इंग्रजांपैकी दुसरे दोघे म्हणजे मेलव्हिल आणि पुन्हा मीडच! ज्याने सुमारे वर्षभरापूर्वी या राजाचा कारभार दोषी ठरविला, त्यालाच आता त्याच राजाच्या खुनाच्या प्रयत्नाचा न्याय करावयास बसविले. हिंदी सभासदांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे हे होते. आरोप केवळ विषप्रयोगाचा नव्हता. रेसिडेंसीच्या नोकरांशी गुप्त संधान बांधणे, त्यांना पैसे चारून बातम्या काढणे, हेही त्यात होते. आणि हा भाग बराचसा खरा असावा. त्या काळी कोणत्या दरबाराने रेसिडेंसीत आपली माणसे ठेवली नव्हती?

मल्हाररावांच्या बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन आले. (येथे सार्जंट ही पोलिसातील हुद्द्याची नव्हे, तर त्या देशातील थोर वकिलांची जुनी पदवी समजावी.) त्यांनी साक्षीदारांची उलटतपासणी घेतली तेव्हा तपासातील दुवे एकेक करून सैल पडू लागले. रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली, पण ती कित्येक आठवड्यांनंतर आणि पोलिसांच्याच हातून सापडली. मुख्य साक्षीदार सगळे स्वतः अपराधात सामील असल्याचे सांगणारे. कोणी माफी मिळालेला, कोणी ती मिळण्याच्या आशेवर. दामोदरपंतांनी तर आधीच दप्तरात फेरफार केलेले होते. आपली अफरातफर झाकण्यासाठी धन्यावर दोष ढकलण्याचे कारण त्यांना होते. शिवाय ज्या रेसिडेंटाच्या बदलीसाठी महाराजांनी नुकताच रीतसर अर्ज केला होता, त्यालाच आठवड्याच्या आत विष घालून ते आपल्या अर्जावर पाणी कशासाठी ओततील? उलट पक्षाचे म्हणणेही सोडून देण्याजोगे नव्हते. फेअर यांच्याविषयी सर्वांत अधिक द्वेष कोणास होता, नोकरांना पैसा कोठून येत होता, आणि सरबतात सोमल तर खरोखरच सापडला होता, या प्रश्नांची उत्तरे बचावपक्षाला पूर्णपणे देता आली नाहीत.

मार्चअखेर अहवाल आला. तिन्ही इंग्रज सभासदांनी आरोप सिद्ध झाला असे मत दिले. तिन्ही हिंदी सभासदांना तो सिद्ध झाला असे वाटले नाही. मते अगदी वर्णाच्या रेषेवर फुटली! यात हिंदी सभासदांनी केवळ जातभाईची पाठराखण केली असे कोणी म्हणतात. पण जयाजीराव आणि दिनकरराव हे १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांच्या बाजूस राहिलेले पुरुष होते. सरकारला नाखूश करण्यात त्यांचा काडीचा लाभ नव्हता. मल्हाररावांविषयी त्यांना प्रेम असण्याचेही कारण नव्हते. दुर्जनावरील आरोपालाही पुरावा लागतो, एवढेच त्यांनी धरून ठेवले, आणि ते धरून ठेवण्यास त्या समयी धैर्य लागत होते, असे माझे मत आहे.

आता सरकारपुढे पेच उभा राहिला. दोषी ठरवावे तर कमिशनच दुभंगलेले. सोडून द्यावे तर इतका गाजावाजा करून केलेली अटक अंगाशी येणार. लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी तिसरीच वाट काढली. १९ एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्याने मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले, ते विषप्रयोगाबद्दल नव्हे, तर कुप्रसिद्ध वर्तन, राज्यकारभारातील घोर अव्यवस्था आणि सुधारणा करण्याची असमर्थता या कारणांवरून. त्यांच्या संततीचाही गादीवरील हक्क काढून घेतला गेला. कारभार सुधारण्याची मुदत संपण्यास त्या दिवशी आठ महिन्यांहून अधिक काळ शिल्लक होता. त्या मुदतीपैकी तीन महिने तर महाराज सरकारच्याच कैदेत होते.

मल्हाररावांच्या राज्यात ज्यांनी हाल सोसले त्यांना या पदच्युतीने समाधान झाले असेल, आणि ते समाधान न्याय्य होते. पण बडोद्याबाहेर, विशेषतः पुण्यात, लोकमत निराळे होते. सार्वजनिक सभेने महाराजांची बाजू उचलून धरली; वर्तमानपत्रांत महिनोन् महिने तोच विषय होता; मराठीत त्यांच्यावर नाटकही लिहिले गेले. काल ज्याची निंदा चालली होती तो आज हुतात्मा ठरू लागला. माझ्या दृष्टीने ही दुसरी चूक पहिलीइतकीच मोठी आहे. विषप्रयोग सिद्ध झाला नाही म्हणून भाऊ शिंद्यांचा कैदेतील मृत्यू पुसला जात नाही, किंवा राजवाड्यात ओढून नेलेल्या स्त्रियांचे अश्रू खोटे ठरत नाहीत. मल्हारराव वाईट राजे होते आणि त्यांच्यावरील त्या एका आरोपाचा निकाल लागला नाही, ही दोन्ही वाक्ये एकाच पानावर लिहावी लागतात.

एप्रिलातच मल्हाररावांना मद्रासेस नेण्यात आले. जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव २७ मे १८७५ रोजी दत्तक घेतला व त्याचे नाव सयाजीराव ठेविले. कारभार तंजावरकडील मराठी कुळातील सर टी. माधवराव यांच्या हाती गेला, आणि त्यांनी थोड्याच वर्षांत राज्याची घडी बसविली. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांस पूर्ण अधिकार मिळाले. पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, मद्रासेस मल्हारराव निवर्तले.