पदवी नेमकी कुणाची?

प्रश्न : मुलगी वाणिज्य शाखेतून बारावी झाली. सांगलीतली एक संस्था इंटिरिअर डिझाइनची ‘पदवी’ देते म्हणे. प्रवेश घ्यावा का? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, १९५६ च्या यूजीसी कायद्यानुसार पदवी विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्थाच देऊ शकते. कोणत्या विद्यापीठाची, हे फी भरण्याआधी लेखी घ्या. शिवाजी विद्यापीठाचं नाव सांगितलं, तर कोल्हापूरला थेट चौकशी करा. ती प्रत्यक्षात पदविका निघाली तरी वाईट नव्हे, पण पुढे पदव्युत्तर प्रवेशाला अडते. इंटिरिअर डिझाइनच्या पदवीवर ‘आर्किटेक्ट’ मात्र म्हणवता येत नाही; १९७२ चा आर्किटेक्ट्स कायदा आड येतो.

चौकशी होईतोवर, तिची आवड पाहायला, तिला वाईजवळ मेणवलीला न्या. नाना फडणवीसांच्या वाड्यातली एक खोली टेपने मोजून कागदावर उतरवू दे. सांगलीत २०१९ चा महापूर पाहिलेली घरंही दाखवा. पाण्यात साधं प्लायवूड फुगतं, हे तिथली माणसंच तिला नीट समजावतील.