पालापाचोळ्यातील निरुपद्रवी साप

छत्तीसगडमधील भिलाई पोलादाच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध आहे. १९५९ साली तेथे उत्पादन सुरू झाले. कारखान्याबरोबर वसलेल्या या नगरीत वृक्षराजीही विपुल आहे आणि तिच्या सभोवती भातशेती पसरलेली आहे. पावसाळ्यात अशा झाडीत व बांधांवर लहान साप दिसू लागतात. साप दिसताच काठी उचलण्याची सवय मात्र सर्वत्र सारखीच आहे. भारतात सापांच्या सुमारे ३०० जाती आढळतात. त्यांतील बहुसंख्य माणसाला निरुपद्रवी असतात.

ओलसर मातीत, कुजलेल्या ओंडक्याखाली वाळा आढळतो. तो इतका बारीक असतो, की पाहणाऱ्यास गांडूळ वाटावे. परंतु गांडुळाच्या अंगावर वलये असतात, तर वाळ्याच्या अंगावर चकचकीत खवले असतात. मुंग्या व वाळवी यांची अंडी हे त्याचे अन्न होय. नानेटी दिवसा गवतात बेडकांच्या शोधात फिरते. तिच्या तपकिरी पाठीवर दोन पिवळसर उभे पट्टे असतात.

खरी कसोटी लागते ती कवड्या ओळखताना. हा बिनविषारी साप पाली खातो व भिंतीवरही सहज चढतो. अंगावरील आडव्या पट्ट्यांमुळे लोक त्याला अतिविषारी मण्यार, म्हणजेच हिंदीतील ‘करैत’, समजून मारतात. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात, पुढे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक व बहुधा जोडीने असतात. ते मानेच्या बरेच मागून सुरू होतात आणि शेपटीकडे स्पष्ट होत जातात.

ही लक्षणे दुरून पाहण्यासाठी आहेत, हात लावून पडताळण्यासाठी नव्हेत. सापांच्या रंगात फरक पडतो आणि अंधारात नजर फसते. मण्यारीला कवड्या समजणे जिवावर बेतू शकते, कारण तिचा दंश पुष्कळदा वेदनारहित असतो. म्हणून शंका असल्यास साप विषारी मानून दूर व्हावे. दंश झाल्यास जखम कापू नये, मंत्रतंत्रात वेळ दवडू नये; रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण दिले आहे. निरीक्षकाने काही पावले दूर थांबावे, पट्टे कोठून सुरू होतात ते पाहावे आणि सापाला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे.

पाठगत प्रश्न

१. वाळा व गांडूळ यांतील फरक सांगा.
२. कवड्या व मण्यार यांच्या पट्ट्यांची तुलना करा.
३. साप ओळखता येत असला तरी त्याला हात का लावू नये?