पुळी जाते, डाग राहतो

अगं, लेकीच्या चेहऱ्याचे फोटो पाहिले. घाबरण्यासारखं काही नाही. या वयात मुरूम यायचेच. सुश्रुतानेही तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या, काटेसावरीच्या काट्यांसारख्या पुळ्यांची नोंद केली आहे आणि त्यांना ‘मुखदूषिका’ म्हटलं आहे. तेव्हा ‘आयर्लंडला आलो म्हणून झालं’ असं म्हणत पोरीला दूषणं देऊ नकोस आणि स्वतःलाही नको. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर पुळी आठवड्याभरात बसते, तिचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. तिच्या वर्गातल्या गोऱ्या मैत्रिणीचा डाग लालसर पडतो आणि फिकट होत जातो, म्हणून तिला सोसणारा उपाय आपल्याला सोसेलच असं नाही. उपाय झाडपाल्याचा असो की दुकानातला, आधी एवढंच बघायचं की याने चेहऱ्याची आग होते का. जिथे आग, तिथे डाग.

म्हणून स्वयंपाकघरातलं काय तोंडाला लावायचं नाही ते आधी सांगते. लिंबू तर कधीच नाही. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की चट्टा उठतो, आणि आयर्लंडला ऊन नसतं हा भ्रम आहे. एप्रिल ते सप्टेंबर इथल्या उन्हात कातडी भाजण्याइतकी ताकद असते, ढग असले तरी. लसूण ठेचून लावू नये, लवंगेचं तेल नको, दिवाळीचं भरड उटणं मुरमांवर रगडू नये. उटणं अंगाला खुशाल लाव, चेहऱ्याला नको. मुलतानी माती पुण्याच्या मे महिन्यात ठीक होती. इथे हिवाळ्यात दिवसभर हीटिंग चालू, कातडी आधीच कोरडी, त्यात माती वाळवत बसलीस की ती तडतडून सालपटं निघतील. हळद लावायचीच तर घरची, खात्रीची लाव आणि साईत कालवून अगदी चिमूटभर. रंगवलेली हळद चेहऱ्यावर नको. सहाणेवर जायफळ उगाळून लावायची आपल्याकडे रीत आहे, पण मी ते सोडून दिलं. कोणाला गुण येतो, कोणाला चुरचुरतं, आणि चुरचुरलं की वर म्हटलं ते झालंच. चंदन उगाळून लावायला माझी हरकत नाही. गार वाटतं, पोर शांत बसते.

आता इथल्या झाडांकडे वळू, कारण या देशालाही स्वतःचा आजीबाईचा बटवा आहे. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोककथा आयोगाने गावोगावच्या प्राथमिक शाळांतल्या मुलांना घरी पाठवलं आणि आजी-आजोबांकडून औषधं, गोष्टी, समजुती वहीत उतरवून आणायला लावल्या. त्या वह्या आज डब्लिनच्या विद्यापीठात जपून ठेवल्या आहेत. आयरिश म्हातारी माणसं अजूनही सांगतात की मे महिन्यात तीनदा नेटल या खाजऱ्या पाल्याची भाजी खावी, म्हणजे रक्त शुद्ध होतं आणि वर्षभर अंगावर काही उठत नाही. हे ऐकलं आणि मला पाडव्याचा कडुलिंब आठवला. वसंत लागला की कोवळा पाला खायचा, तिथे कडू आणि इथे खाजरा. तुझ्या शेजारणीने दिलं तर नेटलचं सूप जरूर घे. हातमोजे घालून फुलोऱ्याआधीचे कोवळे शेंडे खुडायचे, रस्त्याकडेचे नाहीत, आणि उकळत्या पाण्यात टाकले की त्यांची खाज जाते. लसणाची फोडणी दिलीस तर पालकासारखी भाजी होते. खायला चांगली आहे, एवढंच मी म्हणेन. त्याने मुरूम जातील असं पोरीला सांगून आस लावू नकोस. आणि पाडव्याच्या पाल्याचा विषय निघालाच आहे तर हेही ऐक: कडुलिंबाचं तेल पोटात कधीही द्यायचं नाही. लहान मुलांना त्याने गंभीर विषबाधा झालेली आहे.

जुलैत गावाकडे गेलात तर ओलसर चरांच्या कडेने मलईच्या रंगाची, दाट गोड वासाची फुलं दिसतील. ती मेडोस्वीट. त्याच ओलीत वाळुंजाची झाडं उभी असतात, इथे त्यांना सॅली म्हणतात. वाळुंजाच्या सालीचा तापावर गुण येतो हे एडवर्ड स्टोन या इंग्लिश पाद्र्याने १७६३ साली रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. पुढे एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी या दोन्ही झाडांतून जे काढलं, त्यातूनच आजचं सॅलिसिलिक ॲसिड आलं. फार्मसीत २ टक्क्यांचं मिळतं. ते तेलात विरघळतं म्हणून तेलाने बुजलेल्या रंध्रात शिरतं, आणि काळी-पांढरी टोकं असतील तर चांगलं काम करतं. एक दिवसाआड रात्री लावायला सुरुवात कर. फुलं खुडून त्यांचा लेप करायच्या भानगडीत पडू नकोस. फुलात किती आहे ते घरी मोजता येत नाही, आणि औषध मापात असेल तरच औषध. ॲस्पिरिन याच कुळातलं, म्हणून ते कोणाला सोसत नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सॅलिसिलिक ॲसिडही नको.

टी ट्री ऑइलचं सगळ्यांनी सांगितलं असेलच. ते झाड ऑस्ट्रेलियाचं. १९९० साली तिथेच १२४ रुग्णांवर अभ्यास झाला: एकीकडे ५ टक्के टी ट्री आणि दुसरीकडे मुरमांवरचं नेहमीचं औषध, ५ टक्के बेंझॉईल पेरॉक्साईड. गुण दोन्हींनी आला, टी ट्रीला वेळ जास्त लागला, पण त्याने आग कमी झाली. इथे हेल्थ शॉपमध्ये मिळते ती बाटली बहुतेक वेळा निव्वळ तेलाची असते. ते तसंच लावणं म्हणजे कातडी पोळून घेणं. चहाच्या एका चमचाभर कोरफडीच्या गरात पाच थेंब, एवढंच. कोरफड घरची असेल तर पान कापून उभं ठेव, पिवळा चीक गळून जाऊ दे, मग गर काढ. कुंडी घरात खिडकीशी ठेव, इथल्या थंडीच्या कडाक्यात बाहेर मरते. मिश्रण आधी कोपराच्या आत लावून दोन दिवस वाट पाहा. तेलाची बाटली घट्ट बंद, अंधारात ठेव, हवा लागून जुनं झालेलं तेल जास्त खाजवतं. आणि लहान मूल, मांजर यांच्या हाती ती लागू देऊ नकोस, पोटात गेलं तर विष आहे.

पण मला विचारशील तर आपल्या कातडीसाठी माझा कौल ॲझेलेइक ॲसिडला. गहू, बार्ली, राय या धान्यांत ते निसर्गतःच असतं. मुरमांवरही चालतं आणि मागे राहिलेल्या काळ्या डागांवरही. दोन्ही कामं एकच मलम करतं हे आपल्यासाठी फार मोलाचं. १५ आणि २० टक्क्यांचं डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं. सुरुवातीला थोडी खाज येते, म्हणून हळूहळू वाढवायचं. गुण दिसायला तीन महिने धर. बरेचजण तिसऱ्या आठवड्यात ट्यूब फेकतात आणि दुसरं काही आणतात, तिथेच सगळं फसतं.

समुद्राकाठी गेलात तर शेवाळाच्या पाण्याची अंघोळ मिळते, स्लायगोतल्या इनिसक्रोनला १९१२ पासून. मजेने करा, अंग मऊ होतं. शेवाळाच्या गोळ्या मात्र घेऊ नका, त्यातल्या आयोडीनने मुरूम भडकू शकतात.

तुझा धाकटा हर्लिंग खेळतो ना, तो काठी-चेंडूचा आयरिश खेळ? तिथे हेल्मेट सक्तीचं, आणि हनुवटीच्या पट्ट्याखाली घाम साचून पुळ्या येतात. खेळून आला की लगेच तोंड धुवायला लाव, पट्टा पुसून ठेव. केसांना खोबरेल लावून झोपणारीच्या कपाळावरही तेच होतं. तेल अंघोळीआधी तासभर लाव आणि धुऊन टाक.

मुंबईहून येणाऱ्या पाहुण्याला ‘गोरेपणाचं आयुर्वेदिक क्रीम’ आणायला सांगू नकोस. अशा काही क्रीमांत स्टेरॉईड किंवा पारा निघालेला आहे. स्टेरॉईडने चेहरा पहिले काही आठवडे उजळतो, मग कातडी पातळ होते आणि मुरूम दुपटीने उठतात. ट्यूबवर काय घातलंय ते लिहिलेलं नसेल तर ती घरात घेऊच नकोस.

कोपऱ्यावरच्या फार्मसिस्टला विचारायला पैसे पडत नाहीत, आधी तिथे जा. पण कातडीखाली खोल, दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडू लागले असतील, किंवा पाळी अनियमित होऊन हनुवटीवर केस येत असतील तर झाडपाला बाजूला ठेव आणि जीपीची, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांची, वेळ घे. गाठींसाठी ते त्वचातज्ज्ञाकडे पाठवतात, आणि तिथल्या यादीत वेळ जातो, म्हणून खड्ड्यांची वाट पाहत बसू नकोस. जाताना आतापर्यंत काय काय लावलं, किती दिवस लावलं ते कागदावर लिहून ने, घरचे लेपही लपवू नकोस. आणि सासूबाईंना, माझ्या बहिणीलाही, माझं नाव सांगून बजाव: व्हिडिओ कॉलवर पोरीला ‘हे काय झालंय तोंडाला’ असं विचारायचं नाही. ती कॅमेरा बंद करून बोलायला लागली असेल, मैत्रिणींकडे जाणं टाळत असेल, तर तेही जीपीला सांग. तोही आजाराचाच भाग आहे.