सांडपाण्याच्या कामाचाही हिशोब मागूया

गटाच्या बैठकीत बचत जमा झाली की वहीत नोंद होते, कर्ज दिले की ठराव होतो आणि सगळा हिशोब सर्वांसमोर वाचला जातो. गावाच्या सांडपाण्यावर जो सरकारी पैसा खर्च होतो, त्यालाही हीच शिस्त लावायची. तेच या पाठात शिकूया.

पैसा किती?
स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) टप्पा २ मध्ये पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाणी व्यवस्थापनासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत आणि त्याहून मोठ्या गावाला ६६० रुपयांपर्यंत तरतूद ठरली. त्यातला ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीने १५ व्या वित्त आयोगाच्या निधीतून द्यायचा. म्हणजे २,००० वस्तीच्या गावाला ५ लाख ६० हजारांपर्यंत, आणि त्यात ग्रामपंचायतीचे १ लाख ६८ हजार. रक्कम लहान नाही, बायांनो!

काम झाले, पण चालते का?
फलक लागला, फोटो निघाला, म्हणजे काम संपले असे नाही. शोषखड्ड्याआधीच्या टाकीतला गाळ वेळेवर काढला नाही, तर खड्डा बुजतो आणि पाणी रस्त्यावर येते. स्थिरीकरण तळ्यात पाणी ठरलेले दिवस थांबून ऊन-वाऱ्याने सुधारले पाहिजे. तळे झुडपांनी भरले, की तिथे फक्त डास वाढतात. आणि घाण पाणी विहिरीपर्यंत झिरपले, तर आजारी लेकराला दवाखान्यात आपल्यालाच न्यावे लागते.

काय पाहायचे?
१. अंदाजपत्रकात किती खड्डे, किती मीटर गटार? जागेवर मोजून पाहा.
२. मोजमाप पुस्तिकेत काय लिहिले आहे? बिल त्यावरूनच निघते.
३. आत येणारे आणि बाहेर पडणारे पाणी काचेच्या दोन बाटल्यांत भरून शेजारी ठेवा. रंग आणि वास सारखाच असेल, तर विचारा, मग प्रक्रिया कुठे झाली?
४. गाळ कोण काढतो, कधी काढला, त्याचा खर्च कुठून?

विचारायचे कुठे?
ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी, असे ग्रामपंचायत कायद्यातच आहे. तिथे प्रश्न मांडा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्या. कागद मिळाले नाहीत, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. ज्या आंदोलनामुळे महाराष्ट्रात २००२ साली हा कायदा आला, त्याचे नेतृत्व आपल्याच पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी केले. आता २००५ चा केंद्राचा कायदा लागू आहे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या बहिणीला शुल्क नाही. या कायद्यात नुसते कागद मागता येतात असे नाही, कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. हे फार जणींना ठाऊक नसते.

शहराच्या खालच्या गावांसाठी
सीना अहिल्यानगर शहराजवळून पुढे वाहते. अशा नदीकाठच्या सख्यांनी वरच्या शहराच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी-तपासणी अहवाल मागावेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय अहिल्यानगरलाच आहे. अहवालात 'बीओडी' हा आकडा शोधा. पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते, ते तो सांगतो. आकडा जितका कमी, तितके पाणी स्वच्छ.

एकटीने जाऊ नका, ग्रामसंघाच्या ठरावाने पाच जणी मिळून जा. भांडायला नाही, मेळ बसवायला. काम चांगले असेल, तर तसेही सभेत सांगा.

पुढच्या बैठकीपर्यंत
गावातल्या एका शोषखड्ड्याची किंवा तळ्याची पाहणी करा. वरच्या चार प्रश्नांची उत्तरे गटाच्या वहीत लिहा, खाली तारीख आणि सगळ्यांच्या सह्या. उत्तर मिळाले नाही, तर ती जागा कोरी ठेवा. पुढच्या महिला सभेत पहिला प्रश्न त्या कोऱ्या जागेचा.