घटक ७ : गुंतवणूकदारांसमोरील संक्षिप्त निवेदन

७.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• संक्षिप्त निवेदनाचे (पिचचे) स्वरूप व त्याची अंगे सांगता येतील.
• झालेले कार्य आणि अपेक्षित कार्य यांतील भेद भाषेतून स्पष्ट राखता येईल.
• मागणीची रक्कम व देऊ केलेला हिस्सा यांचा संबंध मांडता येईल.
• तीन मिनिटांचे निवेदन लिहिता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अर्ज किंवा अहवाल वाचणाऱ्याच्या हाती कागद असतो. एखादे वाक्य उमगले नाही, तर तो मागे जाऊन ते पुन्हा वाचू शकतो. निवेदन ऐकणाऱ्याला ही सोय नसते. म्हणून त्यातील प्रत्येक वाक्य पहिल्याच ऐकण्यात कळले पाहिजे.

केंद्र शासनाने १६ जानेवारी २०१६ रोजी ‘स्टार्टअप इंडिया’ हा उपक्रम सुरू केला. २०२१ मध्ये आलेल्या स्टार्टअप इंडिया बीजभांडवल योजनेत, आपली कल्पना प्रत्यक्षात चालते हे सिद्ध करण्यासाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झालेल्या ‘शार्क टँक इंडिया’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमामुळे ‘पिच’ हा शब्द घरोघरी पोहोचला. परंतु पडद्यावर दिसणाऱ्या नाट्यालाच निवेदन समजणे योग्य नव्हे. गुंतवणूकदार ऐकलेल्या शब्दांवर लगेच पैसे देत नाही. तो आधी कागदपत्रे, हिशेब आणि ग्राहक यांची पडताळणी करतो. त्या पडताळणीत टिकेल तेवढेच बोलणे, हे या लेखनप्रकाराचे मर्म आहे.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ निवेदनाची अंगे

सावकाश बोलल्यास तीन मिनिटांत सुमारे ३०० ते ३५० शब्द मावतात. एवढ्या अवकाशात पुढील पाच प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात.

१. अडचण कोणाची व कोणती?
२. आज ती व्यक्ती त्या अडचणीवर कोणता उपाय करते?
३. आपला उपाय कोणता व तो कसा चालतो?
४. आजवर प्रत्यक्षात काय घडले आहे?
५. किती रक्कम हवी, कशासाठी, आणि तिच्या बदल्यात काय देणार?

यांपैकी दुसरा प्रश्न बहुधा सुटतो. ‘आम्हाला स्पर्धा नाही’ असे नवोदित उद्योजक अभिमानाने सांगतात. वस्तुतः ग्राहकाची जुनी सवय हीच पहिली स्पर्धा असते.

७.२.२ एका मसुद्याचे परीक्षण

समजा, काही तरुणांनी कांदाचाळीतील उष्णता व आर्द्रता मोजणारे उपकरण तयार केले आहे. (या उदाहरणातील आकडे काल्पनिक आहेत.) त्यांचा पहिला मसुदा असा :

“आमचे क्रांतिकारी उपकरण कांद्याची नासाडी थांबवते. राज्यभरातील हजारो शेतकरी आमचे ग्राहक आहेत. या क्षेत्रात आम्हाला स्पर्धा नाही. आम्हाला २५ लाखांची मदत करावी, ही नम्र विनंती.”

मसुदा छोटा आहे, पण त्यातील एकही विधान पडताळणीत टिकणारे नाही. ‘क्रांतिकारी’ या विशेषणातून माहिती मिळत नाही. ‘ग्राहक आहेत’ याचा खरा अर्थ ‘ग्राहक होऊ शकतील’ असा आहे. ‘मदत’ हा शब्द तर व्यवहाराचे स्वरूपच बदलतो. गुंतवणूक म्हणजे उपकार नव्हे. ती उभयपक्षी देवघेव आहे. आता सुधारित मसुदा पाहा :

“उन्हाळ कांदा चाळीत भरला, की आतल्या थरातील सड बाहेरून दिसत नाही. वास येईपर्यंत ती पसरलेली असते. शेतकरी आज हाताने कांदा निवडतो, किंवा सडेल या भीतीने मिळेल त्या भावाला विकून मोकळा होतो. आमचे उपकरण चाळीतील उष्णता व आर्द्रता मोजते आणि धोका वाढताच शेतकऱ्याच्या मोबाइलवर सूचना पाठवते. गेल्या हंगामात आम्ही ते १२ चाळींत बसवले. ५ शेतकऱ्यांनी पूर्ण किंमत दिली. ७ जणांना ते चाचणीसाठी विनामूल्य दिले होते. दोन चाळींत नेटवर्क नसल्याने सूचना पोहोचल्या नाहीत; तो दोष दूर करण्याचे काम चालू आहे. येत्या हंगामात १०० चाळींपर्यंत जाण्याचा आमचा मानस आहे. उपकरणांची निर्मिती आणि गावोगावची दुरुस्तीसेवा यांसाठी २५ लाख रुपये हवे आहेत. त्या बदल्यात कंपनीतील १० टक्के हिस्सा देण्याची आमची तयारी आहे.”

‘हजारो’ची जागा येथे पाचाने घेतली. तरीही दुसरा मसुदा अधिक विश्वसनीय वाटतो, कारण त्या पाच शेतकऱ्यांना दूरध्वनी करून कोणीही खात्री करून घेऊ शकतो. दोन चाळींतील अपयश लपवले असते, तर ते पडताळणीत उघड झाले असते आणि मग उरलेल्या खऱ्या विधानांवरचाही विश्वास उडाला असता.

७.२.३ क्रियापदाचा काळ आणि विधानाची सत्यता

व्याकरणात तुम्ही संनिहित भविष्यकाळ अभ्यासला आहे. ‘तुम्ही पुढे व्हा, मी येतोच’ या वाक्यात रूप वर्तमानकाळाचे, पण अर्थ भविष्याचा असतो. रोजच्या बोलण्यात यामुळे घोटाळा होत नाही. निवेदनात मात्र होतो. ‘आम्ही महिन्याला ५० उपकरणे विकतो’ असे उद्योजक म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात पुढचा महिना असतो. ऐकणारा मात्र ती चालू विक्री समजतो. येथे व्याकरणाची चूक झालेली नसते, तरी दिशाभूल होते.

म्हणून मसुद्यातील प्रत्येक क्रियापद तपासावे. घडून गेलेल्या गोष्टीसाठी ‘विकली’, चालू गोष्टीसाठी ‘विकत आहोत’, अपेक्षित गोष्टीसाठी ‘विकण्याचा मानस आहे’ अशी रूपे काटेकोरपणे योजावीत.

७.२.४ मागणीचे गणित

२५ लाख रुपयांना १० टक्के हिस्सा, याचा अर्थ गुंतवणुकीनंतर कंपनीचे मूल्य २ कोटी ५० लाख धरले आहे. त्यातून येणारे २५ लाख वजा केल्यास गुंतवणुकीपूर्वीचे मूल्य २ कोटी २५ लाख ठरते. या दोन मूल्यांत गल्लत करू नये.

हा हिस्सा मालकीतील असतो, हेही ध्यानात घ्यावे. कर्ज फेडले की देणे संपते. दिलेली मालकी परत मिळेलच असे नाही. म्हणून ‘कर्ज’, ‘अनुदान’ आणि ‘गुंतवणूक’ हे शब्द एकमेकांऐवजी वापरू नयेत.

७.२.५ प्रश्नोत्तरे

निवेदनानंतरच्या प्रश्नांना थेट उत्तर द्यावे. माहिती नसल्यास ‘हा आकडा आज माझ्याकडे नाही, सोमवारपर्यंत पाठवतो’ असे म्हणावे आणि तो सोमवारी पाठवावा. अंदाजाने सांगितलेला आकडा पुढे आपल्याच विरोधात जातो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. ‘आम्हाला स्पर्धा नाही’ हे विधान सदोष का ठरते?
२. ४० लाख रुपयांना २० टक्के हिस्सा देऊ केल्यास गुंतवणुकीपूर्वीचे मूल्य किती?

७.३ सारांश

संक्षिप्त निवेदनात पाच प्रश्नांची उत्तरे मोजक्या शब्दांत द्यावयाची असतात. विशेषणांपेक्षा पडताळता येणारे छोटे आकडे मोलाचे असतात. घडलेले, चालू असलेले आणि अपेक्षित यांतील सीमा क्रियापदाच्या रूपातून जपावी लागते. ऐकणारा आपल्या शब्दांवर विसंबून पैसा गुंतवतो आणि आपण त्या बदल्यात मालकी देतो, म्हणून येथे भाषेची अचूकता ही दोन्ही पक्षांची गरज आहे.

७.४ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे
१. ग्राहकाची प्रचलित सवय हीदेखील स्पर्धाच असते.
२. १ कोटी ६० लाख रुपये.

७.५ स्वाध्याय
१. तुमच्या परिसरातील एखाद्या व्यवसायासाठी तीन मिनिटांचे निवेदन लिहा. ते मोठ्याने वाचून लागलेला वेळ नोंदवा.
२. त्यातील सर्व क्रियापदे अधोरेखित करून ‘घडलेले’, ‘चालू’ व ‘अपेक्षित’ असे वर्गीकरण करा आणि आवश्यक ते बदल करून निवेदन पुन्हा लिहा.